मैदानावरचे माझे बूट



आमच्या दारामागच्या चपलांच्या रॅकला पाच कप्पे आहेत. सगळ्यात वर ह्यांचे चाकणच्या कंपनीत घालायचे सेफ्टी शूज, पुढे पोलादी टोपी असलेले, एक उचलला तरी हात खाली जातो. त्याखाली मुलाचे आणि मुलीचे. मग सासूबाईंची मऊ रबरी चप्पल आणि मंदिरात जायची माझी साधी स्लिपर. सगळ्यात खाली, वर्तमानपत्रावर, मुरमाच्या मातीने तांबूस झालेले पांढरे क्रिकेटचे बूट असतात. शेजारच्या वहिनी परवा विचारत होत्या, "मुलाने क्रिकेट सुरू केलं वाटतं?" म्हटलं, नाही हो, माझे आहेत ते.

मी देहूरोडला मुलींना सॉफ्टबॉल शिकवते, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी सहा ते आठ. माझं माहेर जयसिंगपूरचं. तिथे शाळेत हा खेळ खेळले, कॉलेजातही खेळले, मग लग्न झालं आणि ग्लोव्ह माळ्यावर गेला. मुलगी आठवीत आली तेव्हा तो खाली काढला. आता शिकवायला लागून सहा वर्षं झाली. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं: बेसबॉलची ही धाकटी बहीण. चेंडू मोठा, बारा इंच घेराचा, आणि पिचर तो हात खालून फिरवून टाकते. चौकोनाच्या चार कोपऱ्यांना चार बेस, दोन बेसमध्ये ६० फूट अंतर, आणि मोठ्या मुलींना पिचिंग ४३ फुटांवरून. १८८७ साली शिकागोच्या एका बोट क्लबच्या हॉलमध्ये हा खेळ सुरू झाला, तेव्हा चेंडू म्हणून मुठीचा एक बॉक्सिंग ग्लोव्ह बांधून घेतला होता आणि बॅट म्हणून झाडूचा दांडा. हॉलमध्ये खेळत होते, म्हणजे बुटांची चिंता नव्हती. ती आपल्या वाट्याला आली.

खेळाडूने कोणते बूट घालावेत हे सांगणारे खूप भेटतात. शिकवणारीने काय घालावं हे कुणी सांगत नाही, कारण सगळ्यांना वाटतं शिकवणारी नुसती उभी असते. उभं राहणं हेच मोठं काम आहे! दोन तासांत मी पळते किती, तर फार तर दहा मिनिटं. उरलेला वेळ उभी, तीही कडक मुरमावर. त्यात मधूनमधून विचित्र हालचाली. मुलींना जमिनीवरून येणारे चेंडू अडवायची सवय व्हावी म्हणून मी एकीकडून बॅटने शंभर-सव्वाशे चेंडू मारते. प्रत्येक फटक्याला मागचा पाय चवड्यावर गर्रकन वळतो. मग उकिडवं बसून दाखवायचं, बाजूला दोन पावलं सरकून दाखवायचं, सामना असला तर थर्ड बेसजवळ उभं राहून धावणाऱ्या मुलीला हात दाखवायचे आणि चेंडू अंगावर आला तर टुणकन बाजूला व्हायचं. जात्यावर बसलेल्या बाईसारखं आहे हे, जागा एकच पण अंग सगळं कामाला.

म्हणून मुलाचे रनिंग शूज चांगले असले तरी या कामाचे नाहीत. ते सरळ पुढे पळण्यासाठी बनवलेले असतात. टाचेखाली जाड मऊ फोम, टाच उंच. सरळ चालताना ढगावर चालल्यासारखं वाटतं, पण एकदम आडवं सरकलं की पाय त्या उंचीवरून कलतो. आडव्या हालचालीसाठी तळ रुंद हवा, उंची कमी हवी आणि पायाला बाजूने धरणारं कापड घट्ट हवं. बॅडमिंटनचे बूट असे असतात, पण त्यांचा तळ गुळगुळीत फरशीसाठी असतो, मुरमावर तो महिन्याभरात झिजतो आणि सकाळच्या दवावर सटकतो.

मागच्या वर्षी माझी उजवी टाच दुखायला लागली. पंचेचाळिशी ओलांडलेल्या मैत्रिणींना सांगायला नको, सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं होतं आणि दहा पावलं चाललं की कमी होतं. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी तळपाय दाबून पाहिला. म्हणाल्या, टाचेपासून बोटांपर्यंत जाणारी तळपायाची पट्टी ताणली गेलीय. पोटऱ्या ताणायचे व्यायाम दिले, गोठवलेल्या पाण्याची बाटली पायाखाली फिरवायला सांगितली, आणि घरातसुद्धा अनवाणी फार उभं राहू नका म्हणाल्या. आता आपल्या घरात स्वयंपाकघरात चप्पल! सासूबाई दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच ओट्यापुढे जुनी गोधडी चौपदरी घडी करून टाकली. "यावर उभी राहा, चप्पल कशाला हवी?" तोडगा चांगला निघाला, आजही ती गोधडी तिथेच आहे. पण मैदानावर गोधडी नेता येत नाही. नवे बूट घ्यायचे ठरले.

आईंचा पहिला प्रश्न ठरलेला होता. "त्यात कातडं नाही ना गं?"

हा प्रश्न मला लहानपणापासून ओळखीचा आहे. माझे आजोबा शेतकरी, कोल्हापुरी चप्पल करकर वाजवत शेतावर जायचे. आमच्या भागात कोण घालत नव्हतं? पुढे एका चातुर्मासात त्यांनी मुनिमहाराजांपुढे चामड्याचा त्याग केला आणि दुसऱ्या दिवसापासून धोतराखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालायला लागले. गावात लोक हसले. त्यांनी मरेपर्यंत तेच घातले. सलवारीखाली क्रिकेटचे बूट घालून स्कूटरवरून जाताना मला त्यांची आठवण येते, आणि कुणी वळून पाहिलं तरी फारसं काही वाटत नाही.

तर चामडं कसं ओळखायचं? खाण्याच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो, बुटाच्या खोक्यावर नसतो. 'लेदर' असं लिहिलेलं असेल तर प्रश्नच नाही. पण 'सुएड', 'नुबक', 'स्प्लिट' हीसुद्धा चामड्याचीच नावं आहेत, हे खूप जणींना ठाऊक नसतं. मऊ मखमलीसारखं दिसतं म्हणून कापड समजून घेतलं जातं. फुटबॉलच्या महागड्या बुटांवर 'के-लेदर' लिहिलेलं असतं, ते कांगारूचं कातडं. 'पीयू', 'मायक्रोफायबर', 'सिंथेटिक', 'मेश' म्हणजे चामडं नव्हे. बऱ्याच कंपन्यांच्या बुटांवर आत जिभेवर किंवा तळाला छोटी चित्रं छापलेली असतात, ती युरोपातल्या १९९४च्या नियमामुळे आली आहेत. तीन भागांची तीन चित्रं असतात: वरचा भाग, आतलं अस्तर, तळ. प्रत्येकासमोर कशाचं बनवलंय त्याची खूण. पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडं. त्याच आकारात मध्ये छोटा शंकरपाळा असेल तर वरून लेप दिलेलं चामडं. विणलेली जाळी म्हणजे कापड. नुसता शंकरपाळा म्हणजे इतर, बहुधा रबर किंवा प्लास्टिक. आपल्याला जाळी आणि शंकरपाळा चालतात, कातड्याचा आकार कुठेच नको. अस्तराचं चित्र आवर्जून बघा. वरून सगळं सिंथेटिक आणि आत पायाखाली चामड्याची पट्टी, असंही असतं.

खूण नसेल तर कापलेली कड दिसते का पाहायचं. चामड्याची कड उसासारखी रेषारेषांची, तंतूंची दिसते. रेक्झिनच्या मागच्या बाजूला कापडाचं विणकाम दिसतं. हे मला ह्यांच्या सेफ्टी शूजमुळे कळलं. आपल्या पट्ट्यात, म्हणजे पिंपरीपासून चाकण-तळेगावपर्यंत, प्रत्येक दुसऱ्या घरात सेफ्टी शूज आहेत आणि त्यातले बहुतेक चामड्याचे. पण मायक्रोफायबरचेही मिळतात, त्यांनाही तोच आयएस १५२९८चा शिक्का असू शकतो. ह्यांनी स्टोअरमध्ये मागितले, थोडे दिवस थांबावं लागलं, पण मिळाले. मागितल्याशिवाय कोण देणार?

(ग्लोव्हचं काय, हे कुणीतरी विचारणारच. चांगला ग्लोव्ह चामड्याचाच असतो. आम्ही रेक्झिनचे वापरतो, ते लवकर उसवतात, मी पुन्हा शिवते. चेंडू सिंथेटिक कव्हरचे घेतो. तो विषय मोठा आहे, पुन्हा केव्हातरी.)

खरेदीला संध्याकाळी गेले, मुलीला घेऊन, पिंपरी कॅम्पात. संध्याकाळी का, तर दिवसभराच्या उभं राहण्याने पाय थोडा सुजतो, आणि मैदानावर दुसऱ्या तासाला पाय तसाच असतो. सकाळी मापाला बसलेला बूट तेव्हा चावतो. मैदानावर घालते तेच मोजे नेले होते. दोन्ही पायांचं माप घेतलं. माझा डावा पाय उजव्यापेक्षा मोठा आहे, माप मोठ्या पायाचं धरायचं. बाळंतपणानंतर पावलं कायमची थोडी पसरतात, तेव्हा "माझा नंबर पाचच आहे" हे लग्नाआधीचं वाक्य सोडून द्यायला हरकत नाही. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, आणि टाच मागे घट्ट बसायला हवी.

दुकानदाराने पहिल्यांदा गुलाबी बूट पुढे केले. "मॅडम, वॉकिंगला हे बेस्ट." मी सांगितलं, वॉकिंग नाही, सॉफ्टबॉल शिकवायचाय. तो गोंधळला, पण माणूस चांगला होता, म्हणाला बघा तुम्हीच काय हवं ते. मी एकेक बूट हातात घेऊन दोन्ही टोकांनी दाबला. चवड्याच्या जागी वाकला तर ठीक. मधोमध वाकला तर तो तळपायाच्या कमानीला आधार देणार नाही. मग ओलं फडकं पिळतात तसा पिळून पाहिला. अगदी फडक्यासारखा पिळला जात असेल तर परत ठेवायचा. टाचेची मागची भिंत अंगठ्याने दाबली, ती कडक हवी. मुलगी लाजून दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली होती. भाजीवाल्याकडे भेंडी मोडून बघतो तेव्हा कुणी लाजतं का?

बायकांच्या बुटांत मला हवा तो तळ मिळालाच नाही. शेवटी पुरुषांच्या क्रिकेटच्या बुटांत मिळाला, खालून छोटी छोटी बोथट रबरी बोंडं असलेला. फुटबॉलच्या टर्फ शूजचा तळही असाच असतो, तेही चालतात. आपल्याकडे सॉफ्टबॉलचे खास बूट पटकन मिळत नाहीत, क्रिकेटचे कुठेही मिळतात. पुरुषांच्या बुटांची रुंदीही जास्त असते, माझ्या पसरलेल्या पावलांना ती बरी पडली. इंग्लंडचा नंबर पुरुषांचा-बायकांचा साधारण एकच असतो. अमेरिकेचा वेगळा, म्हणून खोक्यावर 'यूके' लिहिलेला आकडाच बघायचा. वरचा भाग सिंथेटिक, अस्तर जाळीचं, तळ रबराचा. चित्रं तपासली. १,१५० रुपये.

आणखी एक. बुटाच्या नाड्यांना अगदी वर, घोट्यापाशी, एक जास्तीचं भोक असतं, जे कुणीच वापरत नाही. ते उगाच नसतं. त्याच बाजूच्या भोकातून नाडी आत घालून छोटा फास करायचा, दुसऱ्या बाजूची नाडी त्या फासातून काढायची आणि मग गाठ मारायची. टाच आत हलत नाही, फोड येत नाहीत. मी सगळ्या मुलींना शिकवलंय. मोजे निव्वळ सुती नकोत, सूत घाम धरून ठेवतं आणि ओल्या मोज्यानेच फोड येतात. मिश्र धाग्याचे बरे.

स्टड का नाही घेतले, हे मुलीने विचारलं. खेळाडूंचे खरे बूट स्टडचे असतात, बेसबॉल-सॉफ्टबॉलच्या बुटाला तर अगदी पुढे अंगठ्यापाशी एक जास्तीचा स्टड असतो, पहिल्या पावलाला जमीन पकडायला. गवताच्या मऊ मैदानावर ते चांगलेच. आमच्या मुरमावर जानेवारी ते मे स्टड जमिनीत जातच नाहीत. त्यांच्या टोकांवर उभं राहावं लागतं आणि सगळा भार तळपायाच्या चार-सहा ठिकाणी येतो. माझ्या टाचेला ते मानवणार नव्हतं. पण कारण तेवढंच नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी चार दिवस आली आणि थांबली. हात असा, की थर्ड बेसवरून फर्स्टला सरळ रेषेत चेंडू टाकायची. घरी गेले. वडील टेम्पो चालवतात. चहा दिला, बसवलं, आणि मग म्हणाले, "ताई, बूट बघून आलो मी. ते खिळ्यांचे. साडेतीन हजार. दोघी बहिणी आहेत, एकीला घेतले की दुसरी मागणार." त्यांना कुणी सांगितलं होतं की स्टडशिवाय मैदानात घेतच नाहीत. मी म्हटलं, दादा, मी काय घालते ते येऊन बघा. दुसऱ्या दिवशी टेम्पो मैदानाशेजारी थांबला. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, मग इतर मुलींच्या पायांकडे. कुणाचे शाळेचे कॅनव्हास, कुणाचे भावाचे जुने बूट. मुलगी त्या दिवसापासून येते. शालेय स्पर्धेत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे गट असतात, ती आता सतराच्या गटात आहे, आणि राज्यपातळीपर्यंत पोचली तर दहावीला क्रीडागुणही मिळू शकतात. वडिलांना ते गुण फार महत्त्वाचे वाटतात. मला तिचा हात.

तेव्हापासून मी ठरवलं, मैदानावर मुलींना सहज घेता येणार नाही असं काही पायात घालायचं नाही. मोठ्या सामन्याला गवताच्या मैदानावर जायचं असेल तेव्हा स्टड लागतातच, त्यासाठी किटच्या पोत्यात आम्ही जुने जोड ठेवतो. रबरी स्टडचेच. धातूचे लहान वयोगटांत बहुतेक ठिकाणी चालत नाहीत आणि मला ते नकोतही, घसरत बेसवर येणाऱ्या मुलीने दुसरीच्या पोटरीवर पाय ठेवला तर काय होईल!

पावसाळ्याबद्दल थोडं. आपल्याकडचा पाऊस पुण्यापेक्षा जोराचा, घोरावडेश्वरचा डोंगर दिवसदिवस दिसत नाही. मैदान चिखल झालं की आम्ही शाळेच्या पडवीत फेकाफेकीचा सराव करतो. तिथे मी जुने सपाट तळाचे बूट घालते, बोंडांचे बूट ओल्या फरशीवर घसरतात. भिजलेले बूट गॅसशेजारी किंवा कडक उन्हात वाळवू नका, गोंद सुटतो. आतली पट्टी काढून वेगळी वाळवायची, आत वर्तमानपत्राचे बोळे भरायचे आणि दोन तासांनी बदलायचे. तळ सुटायला लागला तर स्टेशनजवळ चपला शिवणाऱ्या काकांकडून कडेने नायलॉनची शिवण घालून घ्यावी, नवे असतानाच घातली तर आणखी बरं. आणि चांगले बूट 'लग्नाकार्याला' म्हणून कपाटात जपून ठेवू नका. पीयूचा फोम दमट हवेत न वापरताही कुजतो, तीन-चार वर्षांनी काढावे तर तळाचा भुगा होतो. घालून झिजवलेले परवडले.

आर्यिका माताजींच्या दर्शनाला गेले होते तेव्हा एक बाई म्हणाल्या, मैदानावर गवत तुडवता, मुंग्या मरतात, मग चामड्याचं तेवढं कशाला बघायचं? प्रश्न खोटा नाही. प्रतिक्रमणात आपण चालताना झालेल्या हिंसेची क्षमा रोज मागतो, त्यात हिरवळ आणि दवही येतं, आणि सकाळी सहाला आमच्या मैदानाच्या कडेला दोन्ही असतात. पण आपण श्रावक आहोत, आपली अणुव्रतं आहेत. टाळता येतं ते टाळायचं. मुनी चार हात पुढची जमीन बघत चालतात. सराव सुरू व्हायच्या आधी मुली एका ओळीत उभ्या राहतात आणि तशाच जमिनीकडे बघत पूर्ण मैदान चालून जातात. खडे वेचतात, कारण खड्यावर आपटलेला चेंडू तोंडावर येतो. मुंग्यांची रांग दिसली तर हात वर करतात आणि आम्ही तो बेस दहा फूट सरकवतो. मापात बसत नाही, सरावाला चालतं. त्यातल्या बहुतेक मुली जैन नाहीत. त्यांना वाटतं हा सॉफ्टबॉलचाच नियम आहे.

टाच आता बरी आहे, थंडीत सकाळी थोडी कुरकुर करते. बूट दहा महिने झाले, डाव्याची बोंडं बाहेरच्या बाजूने झिजलीत, दिवाळीनंतर बदलावे लागतील.

किटच्या पोत्यात सध्या तीन ते सहा नंबरचे नऊ जोड आहेत. चार नंबरचा एकही नाही, आणि या वर्षी चार नंबरच्या तीन मुली आहेत. कुणाच्या घरी मुलाला लहान झालेला, रबरी स्टडचा, चामड्याचा नसलेला जोड पडून असेल तर कळवा. नाड्या नसल्या तरी चालेल, त्या मी घालते.